रस्त्याकडची झाडं पाण्यावाचून वाळलेली नाहीत

प्रति,
मा. अध्यक्ष,
सोसायटी व्यवस्थापन समिती, लातूर

विषय : नवी रोपं लावण्याआधी थोडं थांबण्याबाबत

स.न.वि.वि.

रविवारच्या मीटिंगमध्ये दोन गोष्टी ठरल्या. वाळलेली सात झाडं काढून जूनमध्ये नवी लावायची, आणि पाणी घालण्यात हयगय केली म्हणून वॉचमन मामांना लेखी समज द्यायची. दुसरी मला पटलेली नाही. मामा रोज सहाला झारी घेऊन फिरतात, ते मला स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतं.

चौदाही कडुनिंब एकाच दिवशी, एकाच नर्सरीतून आणले होते. बागेकडचे सात माझ्या डोक्याच्या वर गेलेत. वाळले ते सगळे रस्त्याकडचे. पाणी सारखंच, घालणारा हातही तोच.

फरक आजूबाजूचा आहे. तिकडे समोर डांबर, खाली गट्टू, मागे पश्चिमेचं ऊन खाणारी भिंत, आणि दुकानांच्या एसीचा गरम झोत थेट पानांवर. रात्री नऊला त्या भिंतीला हात लावून बघा. कडक उन्हात झाड पानांची रंध्रं मिटून पाणी वाचवतं. पण मग पान गारही होत नाही आणि अन्नही तयार होत नाही. रात्र गार मिळाली तर सावरतं. इथे भिंत दिवसभराची उष्णता रात्री सोडते आणि झाडाची उरलीसुरली शिदोरीही संपते. मोठ्या झाडाला स्वतःची सावली असते. रोपाची मुळं मात्र वरच्याच थरात, गट्टूंखाली शेकत. तीन खोडांची साल फक्त नैऋत्येकडून तडकली आहे, जाऊन बघावं.

(गट्टूंसाठी हात वर करणाऱ्यांत मीही होते. चिखल नको होता.)

२०१६ साली मिरजेहून रेल्वेने आलेलं पाणी आपण भरलंय, त्यामुळे 'जास्त पाणी घाला' असं मी म्हणणार नाही. आहे तेवढंच रोज झारीभर देण्याऐवजी दोन-तीन दिवसांनी एकदम मुरवावं. खोडाभोवतीचे गट्टू काढून मोठं आळं करावं, त्यात सोयाबीनचं भुसकट पसरावं. दोन पोती भावाच्या शेतातून मी आणून देते. खोडाला चुना लावावा. एसीचा झोत वळवायला दुकानदारांशी तुम्हीच बोलावं, माझं ते ऐकत नाहीत.

मामांचं पत्र उद्या सहीला येणार असं कळलं. ते तेवढं थांबवावं.

आपली,
ब-३०४ मधील सभासद