डीएनए लस: अडचण जनुकांची नाही, सुईची

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कोंबड्यांच्या डीएनए लसीवरचा आपल्या अंकातला लेख वाचून आमच्या अंड्यांच्या गाडीवाल्यानेच विचारले, ‘आता अंड्यात पण बदललेली जनुकं येणार का?’ नाही येणार. या लसीत विषाणू नसतोच, जिवंतही नाही आणि मेलेलाही नाही. त्याच्या एका प्रथिनाचा आराखडा, म्हणजे डीएनएचा तुकडा, तेवढा स्नायूत टोचतात. कोंबडीच्या पेशी काही काळ ते प्रथिन बनवतात आणि शरीर त्याला ओळखायला शिकते. कोंबडीची स्वतःची जनुके बदलत नाहीत.

अशी लस टोचलेल्या कोंबड्या घातक बर्ड फ्लूपुढे तगल्याचे अमेरिकेत १९९३ सालीच दिसले होते. २०१७ मध्ये तिथल्या कृषी खात्याने बर्ड फ्लूच्या एच५एन१ प्रकारावरच्या अशा लसीला सशर्त परवानाही दिला.

खरी अडचण शेडमध्ये आहे. मानमोडीची (राणीखेत रोगाची) लासोटा लस आम्ही पहिल्या आठवड्यात डोळ्यात थेंब टाकून देतो. थेंब जिरेपर्यंत पिल्लू हातातून सोडायचे नाही. पुढचे डोस पाण्यातून. दोनेक तास पाणी तोडायचे आणि मग दूध पावडर घातलेल्या पाण्यात लस कालवून ठेवायची. हजारो पक्षी सकाळच्या प्रहरात उरकतात. डीएनए लस मात्र आजघडीला एकेक पक्षी धरूनच टोचावी लागते. सहा आठवड्यांत विकायच्या ब्रॉयलरला ही मजुरी कोण घालणार? लेयरचे, म्हणजे अंड्यांच्या कोंबड्यांचे, गणित वेगळे आहे. अंड्यावर येण्याआधी प्रत्येक तलंग धरून किल्ड (मारलेल्या विषाणूची) लस टोचतोच आपण, त्याच फेरीत आणखी एक सुई बसते.

पण घातक बर्ड फ्लूवरच्या लसीला आपल्याकडे परवानगीच नाही. तो निघाला की किलोमीटरभरातले सगळे पक्षी मारून पुरायचे, हे आपले धोरण. लस दिली तर लागण झालेला पक्षी रक्ततपासणीत वेगळा ओळखू येत नाही आणि निर्यात अडते, असे सांगतात. किल्ड लसीबाबत ते बरेचसे खरे आहे. डीएनए लसीत मात्र विषाणूच्या बाहेरच्या एकाच प्रथिनाचा आराखडा असतो. त्यामुळे आतल्या प्रथिनाच्या अँटिबॉडी सापडल्या, तर त्या लागणीच्याच. लस घेतलेला पक्षी न मरता विषाणू पसरवू शकतो, ही शंका रास्त आहे. म्हणून तर ही तपासणी नेमाने व्हायला हवी.

देशातला पहिला बर्ड फ्लू २००६ मध्ये आमच्या नवापुरात निघाला, २०२१ मध्ये पुन्हा. दोन्ही वेळा खड्डे खणले गेले. फ्रान्सने २०२३ पासून बदकांना लस द्यायला सुरुवात केली, तीही निर्यातीचा धंदा सांभाळून. भोपाळच्या पशुरोग संस्थेने बर्ड फ्लूच्या सौम्य एच९एन२ प्रकारासाठी किल्ड लस तयार केली आहेच. आता तिने आणि पशुसंवर्धन खात्याने मिळून निवडक लेयर फार्मांवर, कडक देखरेखीखाली, डीएनए लसीची चाचणी घ्यावी. तशी चाचणी ठरली, तर नवापूरचे नाव यादीत आधी घालावे, ही विनंती.

– एक अंडी उत्पादक, नवापूर (जि. नंदुरबार)