नव्वदाचे साठ झाले, तरी काही गेलं नाही

क्युपर्टिनो
२० मे २०२५

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर युनिव्हर्सिटीत प्रवेश मिळाल्याची बातमी सांगितली तेव्हा आई म्हणाली, "म्हणजे परत पहिल्यापासून?" आणि बाबा, तुम्ही नुसतं "हं" म्हणालात. तो "हं" मी लहानपणापासून ओळखते. पत्रिका छापून झाल्यावर गिऱ्हाईक मुहूर्ताची वेळ बदलायला आलं की तो यायचा. व्हिडिओ कॉलवर मला धड काही सांगता येत नाही, आवाज तुटतो, मध्येच शेजारच्या काकू डोकावतात. म्हणून सविस्तर लिहिते आहे. दादा छापून आणून देईल, अक्षर मोठं ठेवायला सांगितलंय. बाबा, आईला मोठ्याने वाचून दाखवा.

आधी आईचं उत्तर. पहिल्यापासून नाही. सॅन होजे स्टेट युनिव्हर्सिटीने मला ग्राफिक डिझाइनसाठी घेतलंय ते ट्रान्सफर विद्यार्थिनी म्हणून, म्हणजे थेट तिसऱ्या वर्षाला. डी अँझा या इथल्या कम्युनिटी कॉलेजात इतकी वर्षं संध्याकाळी आणि शनिवारी जे वर्ग केले, तीच पहिली दोन वर्षं. मी ती सावकाश केली, एवढंच. शेवटी पदवी मिळेल ती युनिव्हर्सिटीची, आणि त्यावर मी पहिली दोन वर्षं कुठे बसले होते हे कुठे लिहिलेलं नसतं.

आई, तू मागे एकदा विचारलं होतंस, "तिथे कुणालाही घेतात म्हणे, मग ते कसलं कॉलेज?" खरंच कुणालाही घेतात. अठरा वर्षं पूर्ण झाली की झालं. माझ्या वर्गात फौजेतून परतलेला एक मुलगा होता, दिवसभर दाताच्या दवाखान्यात काम करून येणारी एक बाई होती, आणि मी होते. १९६० साली कॅलिफोर्नियाने उच्च शिक्षणाचा एक आराखडा केला. शाळेतल्या पहिल्या साडेबारा टक्के मुलांना युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, पहिल्या एक तृतीयांशांना स्टेट युनिव्हर्सिटी, आणि बाकी सगळ्यांना कम्युनिटी कॉलेज. पण खरी गंमत पुढे आहे. खालून आत शिरलेल्याला दोन वर्षांनी वर जायची वाट त्यांनी मुद्दाम ठेवली. आता अशी ११६ कॉलेजं आहेत. आपल्याकडे बारावीला एकदा गाडी चुकली की स्टेशनच बंद होतं. इथे निदान पुढच्या गाडीचं वेळापत्रक लावलेलं असतं.

बाबा, तुम्हाला हिशेब लागतो, म्हणून हिशेब. डी अँझाचं वर्ष क्वार्टरचं, म्हणजे छोट्या सत्रांचं, सॅन होजेचं सेमिस्टरचं, म्हणजे लांब सत्रांचं. युनिट म्हणजे अभ्यास मोजायचं माप. त्यामुळे माझी नव्वद क्वार्टर युनिटं तिकडे गेल्यावर साठ सेमिस्टर युनिटं होतात. कागदावर साठ बघून माझ्याही पोटात गोळा आला होता, पण कापलं काहीच नाही, मोजायची पट्टी बदलली. साठ पुरी असली की तिसऱ्या वर्षाला घेतात. असिस्ट नावाची सरकारी वेबसाइट आहे. तिच्यावर या कॉलेजातला कुठला वर्ग त्या विद्यापीठातल्या कुठल्या वर्गाच्या जागी धरतात, ते ओळीने दिलेलं असतं. मी ती यादी फ्रिजवर लावली होती. तुमच्या जावयांना ती पाठ झाली आहे.

त्या यादीत सगळे डिझाइनचेच वर्ग नव्हते. इंग्रजी निबंध, तर्कशुद्ध विचार, संख्याशास्त्र आणि भाषण हे चार चुकत नाहीत. संख्याशास्त्राचं विचारू नका. भाषणाच्या वर्गात मात्र मी आपल्या छापखान्यावर बोलले. माझे वडील आरशातल्यासारखी उलटी अक्षरं उजवीकडून डावीकडे सरळ वाचतात, असं सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरच्या पोरांनीही मोबाइल खाली ठेवले. बाईंनी विचारलं, ते आता काय वाचतात? म्हटलं, सकाळी पेपर, आणि त्यातल्या मुद्रणदोषांवर दिवसभर चिडतात.

आता पैशाचं. एफडी मोडायची नाही. दादा म्हणाला, तुम्ही बँकेत जाऊन चौकशीसुद्धा करून आलात. डी अँझाला युनिटमागे ३१ डॉलर पडले, म्हणजे दोन वर्षांचा सगळा अभ्यास तीन हजार डॉलरांच्या आत झाला, पुस्तकं आणि किरकोळ फी वेगळी. युनिव्हर्सिटीची ट्यूशन फी २०२५-२६ साठी ६,४५० डॉलर आहे, वर त्यांची स्वतःची फी. हा राज्यातल्या रहिवाशांचा दर. डिपेन्डन्ट व्हिसावर असलो तरी इथे वर्षाहून जास्त राहिल्यामुळे आम्हाला तो लागू होतो. थेट भारतातून शिकायला येणाऱ्या मुलांना किती पडतं ते ऐकलंत तर तुम्ही पुन्हा "हं" म्हणाल. मी काही वर्षं काम करून बाजूला ठेवलेत, बाकीचं आम्ही दोघं बघू. घरही बदलायचं नाही. डी अँझाच्या दारातून २३ नंबरची बस निघते आणि स्टीव्हन्स क्रीक रस्त्याने सरळ सॅन होजेच्या मध्यावर जाते. आजवर जिथे उतरत होते, तिथेच आता चढायचं.

एक गोष्ट फोनवर बोलले नव्हते. तिसऱ्या वर्षाला घेतलं तरी दोन वर्षांत संपेल असं नाही. मी तीन धरली आहेत. डिझाइनचे स्टुडिओ वर्ग एकापुढे एक असतात, पहिला झाल्याशिवाय दुसरा मिळत नाही, आणि मधे पोर्टफोलिओ दाखवायचा असतो. म्हणजे आपली निवडक कामं मांडून ठेवायची, शिकवणारी मंडळी ती बघतात आणि मग पुढे घेतात. प्रवेश हा पहिला उंबरठा, हा दुसरा. डिझाइनच्या पदवीला ट्रान्सफर होणाऱ्या बऱ्याच जणांचं हे असंच असतं. कॉमर्सवाल्यांची दोन वर्षं दोनच राहतात, आमची लांबतात. नातेवाइकांना सांगताना तीनच सांगा, म्हणजे मग कुणी "अजून झालं नाही का?" विचारणार नाही. विचारतीलच म्हणा.

बाबा, तुमच्या "हं"मागे जे आहे ते मला ठाऊक आहे. इंटरमिजिएटला ए ग्रेड आली तेव्हा ड्रॉइंगच्या सरांनी घरी येऊन मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयाचं नाव काढलं होतं. त्या साली नव्या ऑफसेट मशीनवाल्यांनी आपलं निम्मं काम नेलं होतं, मुंबईत राहायला कुणी नव्हतं, आणि मी कॉमर्सला गेले. बी.कॉम. अर्धवट असतानाच लग्न ठरलं. तेव्हाच्या घरात दुसरं काय करता आलं असतं, ते मला आजही दिसत नाही. तेव्हा तो विषय मनात ठेवून फोनवर गप्प बसू नका. हे मी त्याची भरपाई म्हणून करत नाहीये. एक योगायोग मात्र सांगते, तुम्हाला आवडेल. जे. जे.ची स्थापना १८५७ची, आणि सॅन होजे स्टेटचीही १८५७चीच.

तुम्ही मागच्या महिन्यात विचारलं होतं, "आता कॉम्प्युटरच चित्र काढतो म्हणे, मग तुला कोण बोलावणार?" मी हसून टाळलं. हसण्यासारखा प्रश्न नव्हता. वर्गात सगळ्यांच्या डोक्यात तोच आहे. चार शब्द टाइप केले की पोस्टर तयार होतं, आणि ते वाईटही नसतं. भीती वाटते. पण डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवरची अक्षरजुळणी, आलं तेव्हाचं मला आठवतं. हाताने अक्षरं जुळवणारे तुमचे दोन्ही कंपोझिटर घरी बसले. त्यातले एक काका मात्र नंतर त्याच डीटीपीवाल्याकडे प्रुफं तपासायला लागले, कारण त्या पोराला खटाखट टाइप करता यायचं, पण पानावर काय चुकलंय ते दिसायचं नाही. मला ते दिसायला शिकायचं आहे. त्यावर पोट भरेल की नाही हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. त्या काकांनाही आधीचा पगार कधी मिळाला नाही, हे तुम्हीच सांगितलं होतं.

दिसण्याचं म्हणाल तर टायपोग्राफीच्या, म्हणजे अक्षरं मांडण्याच्या वर्गातलं एक सांगते. दोन लिप्यांमधलं पोस्टर करायचं होतं. मी मराठी घेतली. इथल्या सॉफ्टवेअरमध्ये एक सेटिंग बदललं नाही तर मराठीची वाट लागते. पहिली वेलांटी अक्षराच्या अलीकडे यायची ती पलीकडे जाऊन बसते, जोडाक्षरं सुटी होतात. काम भिंतीवर लावून सगळ्यांनी त्यावर बोलायचं, अशी इथे पद्धत आहे. त्याला क्रिटिक म्हणतात. माझ्या आधी एका मुलाने नटव्या देवनागरीत काहीतरी लावलं होतं, सगळे वा वा करत होते, आणि त्यातली एकही वेलांटी जागेवर नव्हती. त्याला कसं कळावं? पण मला तर तुमचा आवाजच ऐकू आला. मग मी सगळ्यांना दाखवलं की आमच्या अक्षराला वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, त्यामुळे इंग्रजीच्या मापाने दोन ओळी जवळ आणल्या तर वरच्याचा उकार खालच्याच्या मात्रेत घुसतो. तुम्ही ओळींमध्ये शिशाच्या पट्ट्या घालायचात ते याचसाठी. इथे त्या पट्टीचा आकडा चौकटीत भरतात. शिशाच्या अक्षरांचे खिळे, त्यात मात्रा-वेलांट्यांचे वेगळे, जोडाक्षरांचे वेगळे, ते ठेवायच्या कप्प्यांच्या भिंतभर केसी, हे सगळं सांगितल्यावर शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं की याचे फोटो आहेत का. माझ्याकडे एकही नव्हता.

तेव्हा आता मूळ काम. माडीवरच्या केसी भंगारात द्यायच्या असं आई म्हणत होती. आई, माडी मोकळी हवी हे मला मान्य आहे. शिसं द्यायचं तर दे, पण हात लावशील तर साबणाने धू, आणि लहान पोरांना तिथे जाऊ देऊ नकोस. लाकडी खिळे मात्र देऊ नका. जत्रेची आणि कुस्तीच्या मैदानाची पोस्टरं ज्याने छापायचो, ते मोठे. पोर्टफोलिओसाठी मला त्यांवरून एक पूर्ण काम करायचं आहे. इथल्या मराठी शाळेतल्या मुलांसाठी बाराखडीचे तक्ते. ही मुलं मराठी बोलतात, पण अक्षर त्यांना फक्त मोबाइलच्या पडद्यावर भेटतं. चांगले फाँट आहेत, नाही असं नाही. विंडोजमधला मंगल र. कृ. जोशींनी केलेला, आणि मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचे मुक्ता, बलू हे तर फुकट मिळतात. पण आपल्या खिळ्यांवरचा तो रुंद 'अ' आणि झिजलेल्या कडा कुठल्याच फाँटात नाहीत. त्या खिळ्यांचे ठसे तुम्ही कागदावर काढून पाठवा, मी ते स्कॅन करून त्यावरून अक्षरं नव्याने काढणार आहे. क्रिटिकमध्ये तयार तक्त्यापेक्षा आधीची कच्ची कामंच जास्त बघतात.

बाबा, तुमचा हात थरथरतो म्हणून सगळं स्वतः करू नका. दादाच्या धाकट्याला सुट्टी आहे, त्याला बसवा. शाई पातळ लावा (हे मी तुम्हाला सांगतेय!), जाड कागद घ्या, चकचकीत नको. अक्षराशेजारी फूटपट्टी ठेवून वरून सरळ फोटो काढायला सांगा. फोटो व्हॉट्सअॅपवर, आणि मूळ ठसे कुरिअरने, न दुमडता. जुलैअखेर मिळाले तरी चालेल, कारण वर्ग ऑगस्टमध्ये सुरू होतात. यंदा गणपती सत्तावीस ऑगस्टला आहेत, म्हणजे मला येता येणार नाही. डिसेंबरच्या सुट्टीत येते, तिकिटं बघायला घेतली आहेत. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन त्यासाठी थांबवू नका. डॉक्टर म्हणतील तेव्हा करून घ्या.

सगळे ठसे एकदम जमले नाहीत तर आधी 'ळ' बघा. पोस्टरच्या संचात तो होता की 'ल'वरच भागवायचात, ते मला आठवत नाही, आणि नसेल तर तो मला स्वतः काढावा लागेल.

तुमची,
मनू