खुबा बदलला, पण भांगलणीचं काय?

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
स. न. वि. वि.

मी सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात फिजिओथेरपी करते. खुब्याचा सांधा बदलून घरी आलेल्या पेशंटचा व्यायाम घ्यायला गावोगाव जाते. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेमुळे हे ऑपरेशन अशा घरांपर्यंत पोचलं, जिथं खाजगीतला खर्च या जन्मात झेपला नसता. तेव्हा तक्रार योजनेबद्दल नाही. ऑपरेशन यशस्वी झालं की नाही हे आपण कधी आणि काय विचारून ठरवतो, त्याबद्दल आहे.

अभिप्रायाचा कागद बहुतेक ठिकाणी डिस्चार्जच्या वेळी भरून घेतात. त्या दिवशी पेशंट वॉकर धरून जेमतेम संडासापर्यंत गेलेला असतो. टाके निघायचे असतात. पैसे न भरता घरी सोडताहेत याचाच आनंद मोठा असतो. अशा वेळी "समाधानी नाही" कोण लिहील?

एका पन्नाशीच्या बाईंकडे मी बरेच दिवस जात होते. रक्तपुरवठा बंद पडून त्यांच्या खुब्याच्या हाडाचा गोळा खचला होता. ऑपरेशननंतर सहा महिन्यांनी एक्स-रे उत्तम, रात्रीची कळ गेलेली, लंगडणं गेलेलं. मी खूश, सर्जन खूश. बाई मात्र भेटेल त्याला सांगायच्या, "माझं ऑपरेशन फसलं." भांगलणीला, म्हणजे शेतातलं तण काढायला, उकिडवं बसता येत नव्हतं आणि मजुरांच्या टोळीनं त्यांच्या जागी दुसरी बाई घेतली होती. दुखतंय यापेक्षा रोजगार बुडतोय म्हणून त्या ऑपरेशनला तयार झाल्या होत्या. हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं, आणि मोठ्या डॉक्टरांपुढं त्याही बोलल्या नव्हत्या.

त्याच सुमारास चाळिशीच्या आतला एक टेम्पोचालक माझ्याकडं होता. त्याला नवा पाय लांब वाटायचा, चालताना अजून झोल जायचा. पण त्याला दोनच गोष्टी हव्या होत्या: रात्रीची झोप आणि ब्रेकवर पाय. दोन्ही मिळाल्या. आता गावात कुणी लंगडताना दिसला की हा त्याच्या मागं लागतो, ऑपरेशन करून घे म्हणून. नुसते दोन एक्स-रे शेजारी ठेवले असते, तर यातलं समाधानी कोण हे मलाही सांगता आलं नसतं.

खाली बसू नका, मांडी घालू नका, हे पथ्य उगीच नसतं. सांधा ९० अंशांपेक्षा जास्त वाकला आणि पाय आत वळला, तर सुरुवातीच्या आठवड्यांत गोळा वाटीतून निसटू शकतो. पुढं किती सूट द्यायची हे कुठल्या बाजूनं कापलं, कुठला सांधा बसवला, स्नायूंत किती जोर आला यावर ठरतं, त्यामुळं सर्जनागणिक उत्तर बदलतं. बदलू दे. पण ते ऑपरेशनच्या आधी मिळालं पाहिजे, आणि लेखी. भरती करतानाच पेशंटला विचारावं, "तुम्हाला काय काय करता यायला हवंय?" त्याच्याच शब्दांत ते लिहून घ्यावं आणि सर्जननं प्रत्येकापुढं 'जमेल', 'सांगता येत नाही' किंवा 'नाही' असं लिहून सही करावी. त्या बाईंना 'नाही' हे आधी कळलं असतं, तर कदाचित त्यांनी तरीही ऑपरेशन करून घेतलं असतं. पण मग पुढच्या रोजगाराचा विचार घरात आधीच झाला असता.

इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत २००९ पासून खुबा बदलणाऱ्यांना ऑपरेशनआधी आणि सहा महिन्यांनंतर तेच १२ प्रश्न विचारतात आणि ४८ पैकी गुण मोजतात. ऑक्सफर्ड हिप स्कोअर म्हणतात त्याला. पद्धत घ्यावी, प्रश्न मात्र जसेच्या तसे उचलू नयेत. त्यात पायमोजे घालता येतात का, जेवून टेबलावरून उठताना किती दुखतं, असं विचारलंय. आमच्याकडं पायमोजे लग्नात नवरदेव घालतो. आम्हाला विचारायचं तर जमिनीवरून उठणं, एसटीची पायरी, पाण्याची घागर, देशी संडास, पंगतीत बसणं हे विचारावं लागेल.

संडासाचं तर फारच अवघड आहे. घरोघरी झालेले संडास बहुतेक उकिडवं बसण्याचेच आहेत, आणि खाली बसायची तर बंदी. मी पाहिलेल्या एका घरात प्लास्टिकच्या खुर्चीला मध्ये भोक पाडून काम भागवलं होतं, आणि ती खुर्ची ओल्या फरशीवर सरकत होती. एवढा खर्च करून बसवलेला सांधा त्या खुर्चीच्या भरवशावर! कमोडची खुर्ची ऑपरेशनच्या पॅकेजमध्येच द्या.

योजनेतून डिस्चार्जनंतरची तपासणी आणि औषधं १० दिवसांपर्यंत मिळतात. खुब्याचे टाके निघायलाच साधारण १२ ते १४ दिवस लागतात. व्यायामाचे खरे दिवस त्यानंतरचे दोन-तीन महिने. ते पॅकेजमध्ये येईपर्यंत निम्मे पेशंट पलंगावर पडून राहणार आणि "गुण आला नाही" म्हणणार.

अजून एक. २०१० मध्ये एएसआर नावाचा धातूचा खुबा कंपनीनं जगभरातून परत मागवला. भारतात तो सुमारे ४,७०० ऑपरेशनांमध्ये बसवला गेला होता. पुढं केंद्रानं नेमलेल्या समितीला त्यातल्या बहुतेक पेशंटचा ठावठिकाणा लागला नाही. कुणाच्या अंगात कुठला सांधा आहे याची नोंद ठेवून वर्षातून एकदा फोन जरी केला असता, तरी ही वेळ आली नसती.

हे सगळं करायला नवं खातं नको. योजनेच्या प्रत्येक अंगीकृत रुग्णालयात पेशंटच्या मदतीला नेमलेला आरोग्यमित्र आहे. भरतीच्या वेळचा कागद त्यानं भरून घ्यावा आणि सहा महिन्यांनी व वर्षानं तोच कागद समोर ठेवून पेशंटला फोन करावा. कुठल्या रुग्णालयाच्या पेशंटना काय मिळालं, काय राहिलं, ते जिल्हावार जाहीर करावं. रुग्णालयांना ते आवडणार नाही, पण योजनेचा पैसा लोकांचा आहे.

सुरुवात आमच्या तालुक्यापासून करायची असेल, तर प्रश्न तयार करून द्यायला आणि घरोघरी जाऊन विचारायला आम्ही तिघीजणी तयार आहोत. मानधनाचं नंतर बघू. प्रवासखर्चाचीही काळजी नको, एसटीत आम्हाला अर्धंच तिकीट लागतं.

आपली,
एक फिजिओथेरपिस्ट
ता. खानापूर, जि. सांगली