दहा मात्रांची उधारी

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

नाव छापायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं 'काका'. मंगळवार पेठेत ज्यांनी तुमचा तबला ऐकलाय ते ओळखतीलच.

मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करून पोट भरतो आणि उरल्या वेळात भुताच्या शॉर्टफिल्म करतो. गेल्या श्रावणात अकरा मिनिटांची फिल्म घेऊन तुमच्याकडे आलो तेव्हा पार खचलो होतो. जिन्यात म्हातारी दिसते त्या शॉटला मित्र चक्क हसले होते. एक म्हणाला, "भावा, ही भुताची हाय का साबणाची जाहिरात?" मी बारा-पंधरा आवाज एकावर एक चढवले होते. दार करकरतंय, कुत्रं रडतंय, वर व्हायोलिनचा कल्ला.

तुम्ही चष्मा पुसून फिल्म बघितलीत आणि म्हणालात, "आवाज बंद करून परत लाव." लावली. "आता जरा भ्या वाटतंय."

मग मी तुम्हाला 1978च्या 'हॅलोविन' या भयपटाची धून ऐकवली. जॉन कारपेंटर हा त्याचा अमेरिकन दिग्दर्शक, आणि संगीतही त्याचंच. मला तसलं काहीतरी पाहिजे होतं. इंग्रजीत याला फाइव्ह-फोर म्हणतात, म्हणजे पाचाचा ठेका, असं मी शहाणपणानं सांगितलं. तुम्ही प्रत्येक ठोक्याचे दोन करून बोटांवर मोजलंत. "दहा मात्रा की रे! झपतालाएवढ्याच. फक्त खंड बदललेत." झपताल दोन-तीन-दोन-तीन, हा तीन-तीन-दोन-दोन. मांडीवर वाजवून दाखवलंत. "दोन वेळा तीन ऐकून कानाला सवय लागते, आणि दोनावर पाय घसरतो. अंधारात पायरी आहे समजून पाऊल टाकावं आणि पायरीच नसावी, तसं." इतकी वर्षं ती धून ऐकतोय, पण भीती कुठल्या मात्रेवर बसलीय हे मला त्या दुपारी कळलं.

कारपेंटरचे वडील केंटकीत संगीताचे प्राध्यापक होते आणि 1961 साली त्यांनीच मुलाला बोंगोवर हा पाचाचा ठेका शिकवला, हे सांगितल्यावर तुम्ही खूश झालात. "म्हणजे घराणंच की!" त्याला स्वतःला नोटेशन वाचता-लिहिता येत नाही, हे ऐकून तर जास्तच. सिनेमा झाला तीनेक लाख डॉलरमध्ये, अमेरिकेच्या हिशेबानं चिल्लर. पार्श्वसंगीताशिवाय त्यानं तो स्टुडिओतल्या एका अधिकारी बाईंना दाखवला, तर त्यांना अजिबात भीती वाटली नाही. पुढे सहाएक महिन्यांनी त्याच बाईंना सिनेमा आवडला. मधल्या काळात वाढलं होतं ते फक्त संगीत. हा किस्सा मी तुम्हाला सांगितला तो खरं तर स्वतःच्या समाधानासाठी.

आपला एक वादही राहिलाय. माझ्या मते कारपेंटरचा सगळ्यात चांगला सिनेमा 'द थिंग', आणि त्याला संगीत एन्निओ मोरिकोनेचं. 1982 साली तो आपटला, समीक्षकांनी सोलून काढला, आज लोक डोक्यावर घेतात. तुमचं म्हणणं, जो स्वतः वाजवतो त्यानं दुसऱ्याला बसवायचंच कशाला? असो. 2018च्या नव्या 'हॅलोविन'चं दिग्दर्शन त्यानं केलं नाही, पण मुलगा कोडी आणि गॉडसन डॅनियल डेव्हिस यांना घेऊन संगीत मात्र केलं. "खुर्ची सोडली, साज नाही सोडला," हे वाक्य तुमचंच.

तुमच्या सोप्यात आपण रेकॉर्डिंग केलं. पंखा बंद, खिडकीला काकूंची गोधडी. शेजारच्या कुकरच्या शिट्टीनं तिसरा टेक खाल्ला. तबला तुम्ही खोळीतनं काढलाच नाहीत, नुसता डग्गा. दहा मात्रा इतक्या हळू की मला वाटलं तुम्ही विसरलात. आणि म्हातारी दिसते तिथं ठेका तोडून मनगट डग्ग्याच्या पुडीवरनं, म्हणजे कातड्यावरनं, पुढं घासलंत. कुणीतरी उशाशी हुंकार द्यावा तसा तो आवाज वर चढत गेला. माझ्या हेडफोनमध्ये तो आला आणि मी खरोखर मागं वळून बघितलं. तुम्ही हसलात. बाकीचे चौदा आवाज मी त्याच रात्री उडवले.

पैसे घेतले नाहीत, खासबागेतल्या भेळेवर भागवलंत.

परवा त्याच मित्रांना फिल्म दाखवली. जिन्याच्या शॉटला कुणी हसलं नाही. साबणवाल्यानं मोबाइलचा टॉर्च लावला.

डग्ग्याची चुंबळ माझ्या बॅगेतनं माझ्याकडे आलीय. रविवारी आणून देतो. लॅपटॉपही आणतो, काकूंना बघायचीय म्हणालात ना.

तुमचा,
तालात कच्चा