स्कॉलरशिप मिळणार म्हणून घरच्यांनी हात आखडू नये

मा. संपादक, स.न.वि.वि.

आपल्या सीमाभागात पोरगी पुढं शिकते ती एकट्या बापाच्या पैशावर नाही, काका, मामा, आईचा बचत गट सगळे मिळून ओढतात तेव्हा कुठं जमतं. पण स्कॉलरशिपचं नाव निघालं की हे सगळे एकेक करून बाजूला होतात, हे बघून फार वाईट वाटतं म्हणून लिहितेय.

आमच्या गल्लीतल्या एका मुलीला सीईटीतून इंजिनिअरिंगची सीट लागली, रताळ्याचे पैसे आले की हॉस्टेलचं मी बघतो असं काकांनी सगळ्यांसमोर सांगितलेलं, तेवढ्यात कुणीतरी रैत विद्यानिधीचा, म्हणजे शेतकऱ्यांच्या मुलांसाठीच्या कर्नाटक सरकारच्या स्कॉलरशिपचा, विषय काढला आणि काका म्हणाले, "सरकार देऊलालंय की, मग आता आमचं काय काम?" कुणी रक्कम विचारलीच नाही. २०२१ ला बोम्मई मुख्यमंत्री असताना ही योजना सुरू झाली, त्यात इंजिनिअरिंगच्या मुलीला वर्षाला ११,००० आणि मुलाला १०,०००, बीए-बीकॉमवाल्या मुलीला ५,५००. वर्षाला हं, महिन्याला नाही! एवढ्यात मेसचं तरी वर्षभर भागतं का सांगा.

बरं ते पैसे पण ॲडमिशनच्या वेळी हातात नसतात. फी आधी भरायची, स्कॉलरशिप मागाहून खात्यावर जमा होणार. त्यात आई नाहीतर वडलांच्या नावावर एफआयडी, म्हणजे सरकारदरबारी शेतकरी म्हणून नोंदणीचा नंबर, पाहिजे आणि आपल्याकडं कितीतरी घरात जमिनीचा उतारा अजून आजोबांच्याच नावावर आहे, वाटणीचा विषय काढला की भाऊ-भाऊ बोलायचे बंद होतात. म्हणजे सरकारचं आलं नाही आणि काकांचंही गेलं. शेवटी त्या मुलीच्या आईनं गटातून कर्ज उचललं.

मुलाच्या बाबतीत असं होताना मी तरी कमी बघितलंय. त्याला स्कॉलरशिप मिळाली तर वरखर्चाला होईल म्हणतात, मुलीला मिळाली की ती घरच्या मदतीतून वजा करतात आणि कधी तर तिच्याच खात्यातनं काढून सोसायटीच्या शेतीकर्जाचा हप्ता भरतात. मला हे अजिबात पटत नाही.

माझी विनंती एवढीच, कुठल्या कोर्सला किती मिळतात, कधी मिळतात आणि कागदपत्रं काय लागतात हे तुमच्या पेपरात सविस्तर छापा. गावोगावची मंडळं गुणवंतांचा सत्कार करतात तिथं पालकांना आणि काका-मामांनाही हे आकडे वाचून दाखवा. आणि काउन्सेलिंग सुरू व्हायच्या आधीच छापा, फी भरायची तारीख तोंडावर आली की मग घरात कुणी ऐकायच्या मनःस्थितीत नसतं.

आपली,
एक वाचक, बेळगाव तालुका