हब उघडून दाखवणाऱ्या काकांना

प्रिय काका,

सप्रेम नमस्कार.

माझ्या जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह ट्रकच्या पुढच्या चाकांचं काम तुम्ही करून दिलंत, मजुरी घेतलीत, हिशेब तिथेच मिटला असता. पण तुम्ही मला शेजारी बसवून एकेक भाग हातात दिलात आणि शेवटी पानाही माझ्याच हाती दिलात. त्याचे आभार सगळ्यांसमोर मानावेत म्हणून हे पत्र.

लॉकिंग हब म्हणजे पुढचं चाक अ‍ॅक्सलला, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याला, जोडणारा किंवा सोडणारा भाग. त्याचा डायल बाहेरून फिरवणं सोपं. आत काय होतं ते तुम्ही दाखवलंत: दात असलेली कडी सरकून अ‍ॅक्सलला जोडलेल्या आतल्या भागावर बसते, आणि चाक व अ‍ॅक्सल एक होतात. तिथे ग्रीसचा पातळ हात पुरे, हे तुम्ही किती वेळा बजावलंत! ठासून भरलं की कडी जड होते, थंडीत तर अडकूनच बसते. मग एका बाजूचा हब लागतो, दुसऱ्याचा नाही, आणि साध्या डिफरन्शियलच्या (दोन्ही चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरच्या) गाडीला पुढून ओढच मिळत नाही. न लागलेल्या बाजूचा अ‍ॅक्सल नुसता गरगरत राहतो. चिखलात रुतल्यावर हे कळण्यापेक्षा तुमच्या ओट्यावर कळलं, हे माझं नशीब.

बेअरिंगचं नेमकं उलट. जुनं ग्रीस पूर्ण धुऊन काढायचं, कारण न जुळणारी दोन ग्रीस मिसळली तर पातळ होऊन वाहू शकतात. मग तळहातावर ग्रीसचा गोळा घेऊन बेअरिंगची रुंद कड त्यावर दाबत राहायचं, रोलरांच्या फटींतून ते पलीकडे वर येईपर्यंत. यात घाई नाही. रोलरवर निळसर झाक म्हणजे बेअरिंग तापलंय. कपात, म्हणजे रोलर ज्यावर फिरतात त्या बाहेरच्या कडीत, नखाला खड्डा लागला, तर बेअरिंग आणि कप दोन्ही जोडीनेच बदलायचे. ग्रीस आत आणि पाणी बाहेर ठेवणारं सील तर दर वेळी नवं.

सगळ्यात मोलाचं शिकवणं बेअरिंगचा नट आवळण्याचं. आधी घट्ट आवळून चाकाचा हब (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) दोन्ही बाजूंना फिरवायचा, म्हणजे रोलर जागेवर बसतात. मग नट सैल करून मॅन्युअलच्या आकड्याइतकाच पुन्हा आवळायचा. तुम्ही चाकाच्या बोल्टला स्प्रिंगकाटा अडकवून हब किती जोराने हलायला लागतो ते मोजलंत, तेव्हा ‘अंदाजाने’ हा शब्द या कामात का चालत नाही ते समजलं. सैल राहिलं तर चाक डुलतं, जास्त आवळलं तर बेअरिंग जळतं. नट सैल होऊ न देणाऱ्या लॉक वॉशरची जीभ दुमडल्याशिवाय पुढे जायचं नाही, हेही पक्कं लक्षात आहे.

खोल पाण्यातून गाडी गेली की मी आता हब उघडून बघतो. तापलेला हब पाण्यात एकदम गार होतो, आतली हवा आकसते आणि थकलेल्या सीलमधून पाणी ओढलं जातं. ग्रीस दुधाळ दिसलं की सगळं खोलायचं, तुम्ही सांगितलंत तसं.

इतकं जिवापाड जपलेलं कसब तुम्ही हात आखडता न घेता दिलंत. मनापासून आभारी आहे, काका.

स्पिंडलच्या (हब ज्यावर फिरतो त्या पोकळ दांड्याच्या) आतला बुश बघायचा राहिलाय. तुम्हाला सवड असेल तेव्हा कळवा, गाडी घेऊन येतो. या वेळी चाकं मी उतरवीन.

आपला,
एक जुना ट्रकवाला