बाबा, जुनी गाडी रस्त्यावर काढायची कशाला याचं उत्तर

ती. बाबा आणि आई,
सा.न.वि.वि.

परवा व्हिडिओ कॉलवर गाडी दाखवली तेव्हा बाबा तुम्ही एकच प्रश्न विचारलात, की नव्वदी ओलांडलेली गाडी एवढ्या लांब न्यायचीच कशाला, बिघडली म्हणजे? आणि नेमकी तेव्हाच रेंज गेली. तर आता सविस्तर लिहिते, जुन्या गाड्यांच्या टूरवरून आल्यापासून तसंही डोक्यात दुसरं काही नाहीये.

आमच्या शेजारचे आजोबा-आजी माहिती आहेत ना, त्यांच्याकडे १९३० ची फोर्ड मॉडेल ए आहे, चार दरवाजांची. इथे पेनसिल्वेनियात गाडी २५ वर्षांची झाली की अँटिकची वेगळी नंबर प्लेट मिळते पण या टूरला गाडी १९३१ ची किंवा त्याआधीचीच पाहिजे असा नियम होता. आजींना हल्ली बारीक अक्षर वाचवत नाही त्यामुळे शेजारी बसून रस्ता सांगायला कोणीतरी हवं होतं, आजोबांनी मला विचारलं आणि मी लगेच सुट्टी टाकली.

आधी एक सांगते, ही रेस नसते. कोण पहिलं पोचलं याला काही किंमत नाही. सगळ्यांचा मुक्काम एकाच हॉटेलात, रोज सकाळी वेगळ्या दिशेला निघायचं आणि संध्याकाळी परत तिथेच यायचं, याला हब टूर म्हणतात. मला ही पद्धत फार शहाणपणाची वाटली, कारण बॅगा गाडीत कोंबाव्या लागत नाहीत, लांबून आलेल्यांचे ट्रेलर एका जागी उभे राहतात आणि ज्याची गाडी दिवसा रुसली त्याला रात्री पार्किंगमधे दिवे लावून दुरुस्त करायला वेळ मिळतो. रोज संध्याकाळी तिथे कुठलं ना कुठलं बॉनेट उघडं असायचंच आणि त्यात दहा डोकी वाकलेली.

रस्ता जीपीएसवर नाही, छापलेल्या टूर बुकवर. प्रत्येक वळण कितव्या मैलावर, तिथे खूण काय, चर्च आहे का लाल कोठार आहे, पुढे चढ आहे का उतार, सगळं लिहिलेलं. सुरुवातीला एक मोजलेलं अंतर दिलेलं असतं, त्यावरून आपल्या गाडीचा मीटर किती पुढेमागे दाखवतो ते काढायचं आणि दिवसभर तो फरक धरून चालायचं. हे काम माझं. जीपीएस सगळ्यात जवळचा रस्ता शोधतो आणि इथे तर हायवे टाळायचा असतो, कारण मॉडेल ए जास्तीत जास्त ताशी ६५ मैलापर्यंत जाते म्हणतात पण तिला सुखाने पळू द्यायची तर ४०-४५ च्या आसपास, आणि हायवेवर त्या स्पीडला मागचे ट्रक अंगावर येतात. म्हणून आम्ही लँकेस्टर काउंटीतल्या शेतांमधल्या छोट्या रस्त्यांनी फिरलो. तिथे आमिश म्हणजे मोटारी न वापरता जुन्या पद्धतीने राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांच्या घोड्यांच्या बग्ग्या त्याच रस्त्यावर चालतात, मागे हळू वाहनाचा केशरी त्रिकोण लावलेला, आणि आमच्यातल्या काही अगदी हळू गाड्यांनाही मागे तसाच त्रिकोण होता.

बाबा आता तुमच्यासाठी, गाडी सुरू कशी करतात ते. पेट्रोलची टाकी इंजिन आणि समोरची काच यांच्या मधे, म्हणजे आपल्या गुडघ्यांच्या जरा वर. फ्युएल पंप नाहीच, पेट्रोल वरून खाली आपोआप उतरतं. आधी पायाजवळचा पेट्रोलचा कॉक उघडायचा. मग स्टीअरिंगच्या डाव्या बाजूची स्पार्कची दांडी पूर्ण वर, म्हणजे ठिणगी उशिरा पडते आणि इंजिन उलटा झटका देत नाही. उजवीकडची दांडी थ्रॉटलची, ती थोडी खाली. किल्ली फिरवायची, चोकचा रॉड ओढायचा आणि फ्लोअरवरचं बटण पायाने दाबायचं. इंजिनने पकडलं की स्पार्कची दांडी हळूहळू खाली. तोच चोकचा रॉड फिरवला की पेट्रोल-हवेचं मिश्रण कमीजास्त होतं, आजोबा चालवता चालवता आवाजावरून तो किंचित फिरवत राहतात, बघत पण नाहीत तिकडे. गिअर तीन आणि सिंक्रो नाही, म्हणजे गिअरचे वेग आपोआप जुळत नाहीत, त्यामुळे दरवेळी डबल क्लच, म्हणजे एका गिअरसाठी दोनदा क्लच दाबायचा, नाहीतर गिअर असे करकरतात की अख्खी रांग वळून बघते.

ब्रेक चारही चाकांना आहेत पण रॉडवर चालणारे, तेलावरचे नाहीत. म्हणून उतारावर जायचं ते खालच्या गिअरमधे, इंजिनला धरून. आणि म्हणूनच गाड्या एकमेकांना चिकटून पळवत नाहीत. मला आधी वाटलेलं वरातीसारखी सगळी रांग एकदम निघेल, पण सकाळी दोन-तीन गाड्या सोडतात, थोडं थांबतात, मग पुढच्या. मधे जागा ठेवावीच लागते, एक म्हणजे पुढचा अचानक थांबला तर तुम्हाला थांबता आलं पाहिजे आणि दुसरं म्हणजे नव्या गाडीवाल्यांना एकेक करून पुढे जाता आलं पाहिजे. मागे ट्रॅफिक साठलं की कडेला घेऊन जाऊ द्यायचं असं टूर बुकच्या पहिल्याच पानावर होतं आणि सगळे ते मनापासून पाळत होते.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते, बिघडली म्हणजे काय. बिघडली ना! एका दुपारी चढावर आमची गाडी खोकायला लागली, दोन-चार आचके दिले आणि बंद. आजोबांनी तेवढ्यात ती गवतात उतरवली. मी फोन काढायच्या आत मागून येणारी गाडी थांबली, मग तिच्या मागची. या टूरचा अलिखित नियम असा की कोणी थांबलेलं दिसलं की हळू करायचं आणि बघायचं, त्याने अंगठा वर केला तर पुढे जायचं, नाही केला तर उतरायचं. आजोबांनी केला नाही. मग एकाने डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे प्रत्येक स्पार्क प्लगला ठिणगी वाटून देणाऱ्या भागाच्या, कॅपमधून मधली वायर काढून इंजिनच्या लोखंडाजवळ धरली, दुसऱ्याने स्टार्टर मारला आणि मला म्हणाले रंग बघ. ठिणगी अगदी अशक्त, पिवळसर. निळी आणि जोरदार पडायला हवी. कंडेन्सर गेला, तिघेही एकदम म्हणाले.

कंडेन्सर म्हणजे बोटाच्या पेराएवढी डबी असते, डिस्ट्रिब्युटरच्या बाहेर एका स्क्रूवर बसवलेली. पॉइंट म्हणजे आतले उघडझाप करणारे विजेचे संपर्क, ते उघडतात तेव्हा त्यांच्यामधे जी ठिणगी उडू पाहते ती हा गिळतो, म्हणून कॉइलचा सगळा जोर स्पार्क प्लगकडे जातो. तो इंजिनच्या गरम बाजूलाच बसतो त्यामुळे उष्णतेने मरतो, आणि हे मॉडेल ए वाल्यांना इतकं पाठ आहे की जुन्या बिस्किटाच्या डब्यातून एकाने नवा कंडेन्सर काढून दिला सुद्धा. जुना काढला, नवा बसवला, पॉइंटमधली फट पातळ पट्टीने तपासली, आणि पहिल्याच झटक्याला इंजिन सुरू! पैसे विचारले तर तो माणूस म्हणाला, पुढच्या वेळी दुसऱ्या कोणालातरी दे. आजोबांनी त्याच संध्याकाळी दोन कंडेन्सर मागवले, एक आपल्याला आणि एक देण्यासाठी.

आणि जागच्या जागी होण्यासारखं नसेल तर सगळ्यात शेवटी ट्रबल ट्रक असतो, ट्रेलर जोडलेला. तो गाडी उचलून हॉटेलवर आणतो. ट्रकवाला तर स्वतःची जुनी गाडी घरी ठेवून आलेला, दरवेळी कोणीतरी ही पाळी घेतं. मला त्याचं फार कौतुक वाटलं, दिवसभर सगळ्यांच्या मागे राहायचं आणि आपलं काम पडू नये अशीच इच्छा करायची.

टूरवर मॉडेल टी पण होत्या, १९०८ ते १९२७ मधे दीड कोटींच्या वर बनलेली गाडी. वीस हॉर्सपॉवर, आणि पायात तीन पेडल पण आपले नाहीत. डावं दाबलं की लो गिअर, सोडलं की हाय, मधलं रिव्हर्स आणि उजवं ब्रेक, अ‍ॅक्सिलरेटर हाताला. जुन्या मॉडेल टी मधे टाकी सीटखाली असते आणि पंप नाही, त्यामुळे पेट्रोल कमी असताना उभा चढ आला की ते इंजिनपर्यंत पोचतच नाही, म्हणून लोक गाडी वळवून उलटी चढवायचे, शिवाय रिव्हर्स गिअर लो पेक्षाही ताकदीचा. ऐकलं होतं, आता एका आजींनी करून दाखवलं, मान मागे वळवून सरळ रेषेत वर.

आई, तुला आवडलं असतं ते हन्सेकर मिलच्या पुलावर. कोनेस्टोगा नदीवर लाकडी पूल आहे, वर छप्पर, बाजूने भिंती, आत अंधार. १९७२ च्या अ‍ॅग्नेस वादळाच्या पुरात तो वाहून गेला होता, मग परत बांधला. आत शिरलो की फळ्यांवर अरुंद टायर खडखडायला लागतात आणि इंजिनचा आवाज चारही बाजूंनी परत आपल्यावर येतो. आजोबांनी मुद्दाम वेग कमी केला, आजी मागून म्हणाल्या अजून हळू.

अशा टूरची पद्धत इथे खूप जुनी आहे. १९०५ मधे चार्ल्स ग्लिडन नावाच्या माणसाच्या ट्रॉफीसाठी न्यूयॉर्कहून न्यू हॅम्पशरच्या डोंगरांपर्यंत आणि परत अशी टूर झाली, तेव्हा उद्देश हाच दाखवायचा होता की मोटारगाडी भरवशाची आहे. ती पर्सी पिअर्सने जिंकली, पिअर्स कंपनीच्याच गाडीत. ग्लिडन टूर १९१३ पर्यंत चालल्या, आणि १९४६ पासून जुन्या गाड्यांच्या लोकांनी त्या परत सुरू केल्या, आजही होतात. त्या १९०५ च्या टूरमधे जोन न्यूटन क्युनिओ म्हणून एक बाई व्हाइट कंपनीची वाफेची गाडी स्वतः चालवत होती. पुढच्या गाडीने अचानक मागे घेतलं म्हणून तिची गाडी पुलावरून खाली गेली, तरी ती परत रस्त्यावर आली आणि पुढे निघाली. १९०९ मधे मात्र अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशन या संघटनेने बायकांना शर्यतींत बंदीच घातली. मला याचा खूप राग आला, अजून येतो. आमच्या टूरवर बऱ्याच बायका स्टीअरिंगवर होत्या हे बघून बरं वाटलं.

तर बाबा, उत्तर असं की उभ्या गाड्याच जास्त बिघडतात. पेट्रोल जुनं होऊन कार्बोरेटरच्या बारीक भोकांत चिकट थर बसतो, सील सुकतात, व्हॉल्व्ह अडकतात, इंजिन नीट तापलंच नाही तर तेलात पाणी धरतं, आणि मॉडेल ए ला ऑइल फिल्टर नाहीच, म्हणून दर ५०० मैलांना तेल बदलायचं. एकट्याने लांब जायला भीती वाटते हे खरं, आजोबा एकटे असते तर त्या चढावरून गाडी टो करून घरी आली असती आणि मग वर्षभर गॅरेजमधे पडली असती. चार लोक बरोबर असतात म्हणून ती निघते, आणि निघते म्हणून चालते. शिवाय कंडेन्सर पिवळ्या ठिणगीवरून ओळखायचा हे मला कुठल्या पुस्तकाने शिकवलं नसतं, त्या गवतात उभं राहूनच कळलं, आणि ते जाणणारी माणसं आता सत्तरीच्या पुढची आहेत. तरुण फार कमी होते. हीच एक गोष्ट मला काळजीची वाटली.

आजोबांनी मला डबल क्लच शिकवायला घेतलंय, दर रविवारी सकाळी रिकाम्या पार्किंगमधे. दुसऱ्यातून तिसऱ्यात जमतं, तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना रेस किती द्यायची ते अजून कानाला कळत नाहीये. बाबा तुम्ही पूर्वी ट्रक चालवायचात तेव्हा खालच्या गिअरवर उतरताना अंदाज कसा घ्यायचात ते मला व्हॉइस नोट करून पाठवा, सावकाश, घाई नको. आणि व्हिसाचं लवकर बघा दोघांनी. पुढच्या टूरला मागच्या सीटवर आजींच्या शेजारी आईची जागा सांगून ठेवली आहे, बाबा तुम्ही पुढे, टूर बुक तुमच्या हातात.

तुमची,
लेक